पैशाचं कारण

३ ऑगस्ट, रविवार

काल सकाळी केलं ते आज लिहितो. काल पेन हातात धरवलं नाही.

शाळेत किरकोळ रजा टाकली. काष्टीच्या थांब्यावर दौंडहून येणारी नगर गाडी धरली. पिशवीत संशोधनाचा आराखडा, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाल्याचं पत्र, आणि सौ.ने वैशालीसाठी दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. काम एवढंच, की आराखड्यावर वैशालीची मार्गदर्शक म्हणून सही घ्यायची. दहावीला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आता नगरच्या कॉलेजात मराठीची प्राध्यापक आहे. तिनंच दोनदा फोन करून सांगितलं होतं, सर, या, मी वाट बघते.

तिच्या खोलीबाहेर बाक होतं. त्यावर तीन पोरं, मांडीवर फायली. शिपाई म्हणाला, "मॅडमकडं का? बसा काका, नंबरानं जायचं." बसलो. शेजारच्या पोरानं विचारलं, "मुलीच्या अ‍ॅडमिशनचं का, काका?"

मी म्हणालो, "हो."

मला मुलगी नाही.

दार अर्धं उघडं होतं. आतून वैशालीचा आवाज. कुणाला तरी सांगत होती, "हे परत लिहून आणा. घाईत लिहिलेलं मला लगेच कळतं." तो सूर माझा. इतकी वर्षं वर्गात मी तोच लावत आलोय. आतला पोरगा "हो मॅडम, हो मॅडम" करत होता. ते दोन शब्द मी मनातल्या मनात म्हणून पाहिले. जमले नाहीत.

उठलो. पोराला म्हणालो, पाणी पिऊन येतो. पलीकडच्या जिन्यानं उतरलो आणि सरळ स्टँडवर.

घरी सौ. म्हणाली, "डबा दिला का? काय म्हणली?"

"दिला. खूष झाली."

डबा बाकावरच राहिला होता. गाडी हलल्यावर लक्षात आलं. परत गेलो नाही.

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

शाळा सुटल्यावर वैशालीचा फोन. "सर, शनिवारी येणार होता ना तुम्ही?"

म्हणालो, गाडी चुकली.

ती म्हणाली, "बरं."

मग मी आपण होऊन सांगायला लागलो. पुणे रस्त्यावरच्या खासगी विद्यापीठातून पत्र आलंय, पूर्ण फी माफ, वर दर महिन्याला विद्यावेतन. आमच्या अर्धवट अनुदानाच्या शाळेत पगार मिळतो त्याहून ते जास्तच. तुझ्याकडे यायचं तर फी खिशातून, विद्यावेतन नाही, आणि इकडे पोराचा डिप्लोमा चालू. एवढं सगळं एका दमात बोललो. जे खरं असतं ते सांगायला मला इतका वेळ लागत नाही.

"सर, पैशाचंच आहे ना फक्त?"

"हो. पैशाचंच."

"मग बघू आपण काहीतरी."

"तू काही करू नको."

"बघू, सर."

उपास होता. संध्याकाळी महादेवाला जाऊन आलो. पिंडीपुढे डोकं टेकलं तेव्हा मनात आलं, इथे वाकायला किती सोपं जातं. देवाला मी कधी पाढे शिकवले नाहीत.

७ ऑगस्ट, गुरुवार

खासगी विद्यापीठात जाऊन आलो. मुलाखत.

काचेचं दार, गार खोली, बशीसकट चहा. तिथले मार्गदर्शक साठीच्या पुढचे, सरकारी कॉलेजातून निवृत्त झालेले. मला "या गुरुजी" म्हणाले. मीही सहज "सर, सर" म्हणत होतो. एकदाही जीभ अडली नाही.

माझा आराखडा त्यांनी चाळला. काष्टीच्या बैलबाजारातली बोली. हसले. "छान आहे. पण आमच्याकडे विद्यावेतन ज्या निधीतून येतं, त्यातून संस्थेचे विषय आधी होतात." मग विषय सांगितला: संस्थापकांच्या भाषणांतील शेतकरी. भाषणं सगळी छापलेली आहेत, कपाटात आहेत, बाहेर हिंडायला नको. "हे एकदा होऊ द्या, मग तुमचे बैल काढू."

म्हणालो, चालेल.

खरंच म्हणालो. लगेच.

त्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो म्हटलं. येताना वाटेत मनाला बरं वाटत होतं. कुणीतरी पाटावर बसवल्यासारखं. घर आल्यावर त्याचीच लाज वाटली. अठरा वर्षं शब्द गोळा करत बाजारात उभा राहिलो, ते एका बशीतल्या चहावर सोडून आलो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सौ.ला विद्यावेतनाचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग घ्या की. चांगलंच झालं."

थोड्या वेळानं, "आवो, पैसं मिळाल्यालं मानूस असं बसतं का पन?"

"कसं?"

"सुतक असल्यावानी."

तिनं भाकरी टोपल्यात टाकली आणि दुसरी घेतली.

९ ऑगस्ट, शनिवार

सुट्टी. बाजारात गेलो. पाऊस उघडलेला, चिखल भरपूर, बैल थोडे. दर वर्षी थोडे होत चाललेत.

एका हेड्यानं (जनावरांच्या व्यापाऱ्यानं) लांबूनच ओळखलं. "आले मास्तर. बैल घ्यायचा न्हाई, नुस्तं शब्द चोरायचे."

दुसरा म्हणाला, "आरं, त्यांचं बी दात बघ एकदा. आदत हायेत का जुळल्यात?"

आदत म्हणजे दुधाचे दात असलेला, जुळला म्हणजे तोंड पूर्ण भरलेला, कामाला पक्का. मी म्हटलं, जुळलो कधीच, आता उतरतीला लागलो. हसले सगळे.

मग एक सौदा पाहिला. दोघांनी उपरण्याखाली हात घातले. बोटं धरून किंमत सांगायची, चारचौघांत आकडा फोडायचा नाही. तोंडानं मात्र दुसरंच चाललेलं. "चालीला बघा." "चाल काय चाटायची? मागचा पाय बघा आधी." "पायाला काय झालंय, तुमच्यापेक्षा सरळ टाकतो." हात खाली गप्प गप्प बोलतायत आणि वर ही भांडणं.

आराखडा पहिल्यांदा पाठवला तेव्हा वैशालीनं यावरच बोट ठेवलं होतं. "सर, खरी किंमत हातानं सांगतात. मग तोंडानं एवढं बोलतात ते कुणासाठी?" तिचे वडील हेडीच होते, आता नाहीत. हा प्रश्न मला अठरा वर्षांत पडला नव्हता. तो पडल्यापासून माझं सगळं गोळा केलेलं मला नव्यानं दिसायला लागलं. कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर मी नुसते शब्द मांडत होतो, शिंगांचे, रंगांचे, भोवऱ्यांचे. ते कुणाच्या कानासाठी उच्चारले जातात हे कधी टिपलंच नाही. आज टिपलं. बघ्यांसाठी. सौद्यात नसलेल्यांसाठी.

हे सांगायला फोन काढला. वैशालीचा नंबर काढला. परत खिशात ठेवला.

अडतं कुठे, ते आज स्वतःशी तरी लिहावं. पैसे कमी पडतील, पण आम्ही मरणार नाही. मला वैशालीच्या टेबलापलीकडे बसायचं नाही. तिनं माझं लिहिलेलं लाल करावं, परत लिहून आणा म्हणावं, आणि मी हो म्हणावं, हे नको आहे. चार पोरांपुढं तिला अगं म्हणायचं की अहो, हेही मला ठरवता येत नाही. ती दर गुरुपौर्णिमेला येऊन पाया पडते. ते मला आवडतं. ते जाईल याची भीती आहे.

बास.

१३ ऑगस्ट, बुधवार

आमच्या जुन्या दहावीच्या मुलांचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यात मला घातलेलं नाही. आज स्टाफरूममध्ये कळलं की तिथे काहीतरी चाललंय. बाळूचा फोन आला. त्याच बॅचचा, शेवटच्या बाकावरचा, आता काष्टीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान.

"सर, पंद्रा ऑगस्टला झेंडावंदन झालं की जाऊ नका. काम हाय."

"काय काम?"

"ते तवाच."

मागे कुणीतरी हसत होतं. बाळू त्याला म्हणाला, गप रं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

लिहायला बसलोय पण काय लिहू.

झेंडावंदन झालं, मुलं गेली, आणि पिंपळाखाली बाळू आणि त्याच्या बॅचचे आठ-दहा जण. एकाची दाढी पिकलीय. सगळे रांगेत उभे, प्रार्थनेला असल्यासारखे. बाळूनं नारळ, शाल आणि एक जाड पाकीट पुढे केलं.

"सर, वैशालीनं ग्रुपवर टाकलं. तुमचं पीएच.डी.चं पैशापायी अडलंय म्हून. आमाला कळालं आस्तं तर आधीच केलं आस्तं. तीन वर्साची फी हाय ह्याच्यात. बाकी एस्टीचं तुमचं तुमी बघा."

एक जण मागून, "सर, पन घरचा अभ्यास आता आमी तपासनार."

"आन न्हाई केला तर अंगठं धरायला लावनार."

सगळे हसले. मीही हसलो. तोंड हसत होतं.

म्हणालो, हे मला नको. बाळू म्हणाला, "सर, असं करू नका. गन्यानं तर कांदा इकायच्या आधीच दिल्यात." गण्या खाली बघत होता. त्याला मी नववीत दोनदा बसवलं होतं.

पाकीट घ्यावं लागलं. बाळूनं फ्लेक्ससुद्धा छापलाय. माझा फोटो, खाली "आमचे सर पुन्हा विद्यार्थी". स्टँडवर लावायचाय.

जाताना त्यानं मोटारसायकलच्या डिकीतून एक डबा काढला. "आन हे. वैशालीनं दिलाय. काल मालाला नगरला गेल्तो. म्हणली, सरांचा ऱ्हायला व्हता माझ्याकडं."

चटणीचा डबा. स्टीलचा, आमच्या लग्नातला, झाकणावर सौ.चं नाव घातलेला. धुतलेला, आणि रिकामा नव्हता, खोबऱ्याच्या वड्या भरलेल्या.

म्हणजे तिला त्याच दिवशी कळलं होतं. मी आलो होतो, बाकावर बसलो होतो आणि पळालो. आणि सोमवारी मी गाडी चुकली म्हणालो तेव्हा ती ऐकत होती.

सौ.नं डबा उघडला, वडी तोडली, माझ्याकडे पाहिलं. "दिला म्हणला होता ना? मंग बाळूकडं कसा आला?"

म्हटलं, विसरलो होतो तिथं.

"तिला दिला म्हणला होता." एवढं बोलून आत गेली.

१६ ऑगस्ट, शनिवार

बाळूच्या दुकानावर गेलो, पाकीट परत द्यायला. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पैशाचं बोलायचं आसंल तर चहा सांगतो, पैसं घ्यायचो न्हाई."

मग जाता जाता एक गोष्ट बोलला. त्याला वाटलं मला माहीत आहे. वैशालीकडे यंदा एकच जागा मोकळी आहे. एक मुलगी, शेवगावकडची, ऊसतोडीच्या घरातली, शिष्यवृत्ती घेऊन दोन महिने तिच्यामागे फिरतेय. "तिला थांबवलंय म्हणं, सरांसाठी. वैशाली लई मानती तुमाला."

पाकीट पिशवीत तसंच घेऊन परत.

मी पैशाचं म्हणालो. त्या एका शब्दावर किती माणसं कामाला लागली. आणि जिच्याकडे खरंच दुसरं काही नाही, ती मुलगी माझ्यामुळं बाकावर बसलेली.

१७ ऑगस्ट, रविवार

काही नाही. दिवसभर शेतात बांध साफ केला. बाळूनं फ्लेक्स अजून लावला नाही, पाऊस आहे म्हणून.

१९ ऑगस्ट, एकादशी, मंगळवार

शाळेतून अर्धी रजा काढून नेवाशाला गेलो. लांब पडतं, तरी गेलो. देवळात माउलींच्या खांबापुढची एकादशीची गर्दी ओसरली होती. बसलो.

मागायला काही नव्हतं. बुद्धी दे म्हणायचं तर बुद्धी आहे, काय करायचं ते पंधरा दिवस माहीत आहे. बळ दे म्हणायलाही लाज वाटली. एका खोलीत जाऊन दोन वाक्यं बोलायची, त्याला देवाचं बळ काय मागायचं.

शेजारी एक बाई नातवाला हात जोडायला शिकवत होती. तो एकच हात वर करायचा. ती म्हणायची, दुसरा कुठं ठिवला? दुसरा खिशात. खिशात बिस्कीट.

हसू आलं. मग एकदम डोळे भरले. माझाही तसाच आहे. एक हात देवापुढे, एक खिशात. त्या खिशात मानाचं बिस्कीट धरून ठेवलंय, कुणी घेईल म्हणून.

परतीच्या गाडीत ठरवलं. उद्याच.

२० ऑगस्ट, बुधवार

नगर. तेच बाक. आज दोघं होते. शिपायानं नंबराचं सांगायच्या आधीच जाऊन बसलो.

वैशाली काही कामासाठी बाहेर आली. मला बघून थांबली. "सर, आत या ना. बाहेर का?"

"नंबर येऊ दे."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, तुम्ही?" म्हटलं, विद्यार्थी व्हायला आलोय, बघू घेतात का.

पाऊण तासानं नंबर आला. ती खुर्चीतून उठली, तसं म्हटलं, बस. ती बसली. मी समोर बसलो. सगळं पाठ करून गेलो होतो, ते राहिलं बाजूला.

म्हणालो, "पैशाचं नव्हतं."

"माहीत होतं."

"तुझ्यासमोर बसायची लाज वाटली. तुझ्याकडून तपासून घ्यायची."

ती टेबलावरचे कागद सरळ करत होती.

मी विचारलं, "मग माहीत असून तू सगळ्यांना कशाला सांगितलंस?"

आता तिनं वर पाहिलं. आणि बोलली ती गावाकडच्या आवाजात, कॉलेजच्या नाही. "तुमी म्हणला म्हणून. तुमी म्हणला पैशाचंच, तर ते खरं धरायचं. मनात आलं, पैसं जमलं तर एक तर सर येतील, न्हाई तर दुसरं कारण तरी सांगतील. मी बाळूपुढं, गण्यापुढं हात पसरला, सर. गण्याकडं काय हाय? तुमाला एक वाक्य बोलायला जड गेलं."

मान खाली घालून ऐकलं. बरोबर होतं सगळं.

"आणि ती मुलगी," ती पुन्हा शांत झाली. "तिला मी सांगितलंय, घरचं माणूस आहे, थोडं थांब. ती थांबली. तिनं विचारलंसुद्धा नाही, कोण."

"तिला दे जागा," म्हटलं.

"हे बघा. आता तुम्ही परत उदार व्हायला लागलात." हे जरा लागलंच. "जागा कुणाला द्यायची ते मी ठरवीन. तुमचा विषय माझ्याशिवाय इथे कुणी बघणार नाही, हे मला माहीत आहे. तिचा विषय दुसऱ्याकडेही होईल, पण ते दुसरे तिला नीट बघतील का, तेही मला माहीत आहे. मला चार दिवस द्या. आणि जागा तुमची आहे असं धरू नका."

म्हणालो, बरं.

मग बाजारातलं सांगितलं. बघ्यांसाठी बोलतात ते. तिनं पेन उचललं, लिहून घेतलं, आणि लगेच विचारलं, "आणि बघे नसतील तेव्हा? पहाटे गोठ्यात सौदा होतो तेव्हा गप्प असतात का?"

मला माहीत नव्हतं. "बघून येतो," म्हटलं.

"बघून या."

उठताना म्हणालो, "येतो, मॅडम."

"नका म्हणू," ती म्हणाली. "अजून नाही."

याचा अर्थ काय घ्यायचा ते विचारलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बाळूला पाकीट दिलं आणि कारण सांगितलं. सगळं. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, तरी सांगितलं.

बाळू बेअरिंग पुसत होता. म्हणाला, "बाईच्या हाताखाली बसायची लाज व्हय? सर, हे दुकान बायकोच्या नावावर हाय. मी नोकर हाय हितं. इचारा हिला."

आतून त्याची बायको, "आन पगार बी देत न्हाई म्हणावं."

मग थोडा गंभीर झाला. "आमाला सांगितलं आस्तं सर, तर आमी हसलो आस्तो. पन दिलं बी आस्तं."

पाकीट त्यानं घेतलं. ज्याचं त्याला देतो म्हणाला. फ्लेक्सचं विचारलं तर म्हणाला, कडब्यावर टाकतो, ताडपत्री फाटलीच हाय. "पावसात तुमी आमच्या बैलांच्या वैरनीला राखाल. विषय बी तोच हाय की तुमचा."

सौ.ला रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. डब्यापासून. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला का खोटं बोलला? मी काय तुमची विद्यार्थिनी हाय?" मग म्हणाली, "आता त्या पुण्याच्या रस्त्याचं काय? वैशालीनं न्हाई म्हणलं तर?"

"तर बघू."

"बघू न्हाई. ते महिनाअखेरपातुर थांबनार हायेत. तिचं कळू द्या, मंग काय ते करा. येवढी बी घाई नगं."

तिचं म्हणणं व्यवहाराचं आहे. चुकीचं नाही.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल आता घरी नाहीत. सौ.नं मातीचे पुजले, पुरण घातलं. शेजारच्यांच्या जोडीला नैवेद्य दाखवायला गेलो. शिंगांना हिंगूळ लावलेला, पाठीवर झूल. त्यांचा म्हातारा म्हणाला, मास्तर, शब्द लिवता ना, मंग लिवा, ही जोडी शेवटची.

दिवसभर सौ.चं बोलणं डोक्यात. चार दिवस थांबायचं. वैशालीनं हो म्हटलं तर इकडे, नाही म्हटलं तर तिकडे. विद्यावेतन आहेच. कुणाचं काही जात नाही.

पण मग वैशालीला जे सांगून आलो त्याची किंमत काय? तिच्यापुढे मान खाली घालायची आणि खिशात दुसऱ्या गाडीचं तिकीट ठेवायचं. तिला ते कधी कळणार नाही. डबा काही तिथे राहिलेला नाही या वेळी.

आणि तिकडे गेलो तरी काय. संस्थापकांची भाषणं कपाटातून काढायची आणि तीन वर्षं लिहायचं की त्यांना शेतकऱ्यांचा कळवळा होता. ते सर भले आहेत. पण मला त्यांच्याकडे बरं वाटलं ते फक्त एवढ्यासाठी, की त्यांनी मला काही विचारलं नाही.

सौ.ला म्हटलं, उद्या जाऊन नाही सांगून येतो. ती पुरणाचं पातेलं घासत होती. "फोनवर सांगा. भाडं कशाला घालवता?"

"फोनवर नको. फोनवर मी खोटं बोलतो."

ती यावर हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. "पोराच्या फीचं मी भावाला इचारीन," म्हणाली. मग हसू गेलं तिचं. माझंही.

२३ ऑगस्ट, शनिवार

जागा नको असा अर्ज हातानं लिहून नेला. दोन प्रती.

ते सर होते. अर्ज वाचला, चष्मा काढला. "दुसरीकडे विद्यावेतन जास्त आहे का, गुरुजी?"

"नाही. तिथे विद्यावेतनच नाही."

"मग?"

"विषय तिथे आहे. तो विचारणारं माणूसही तिथेच आहे."

ते रागावले नाहीत. "तिथली जागा पक्की झाली?"

"नाही. नाहीसुद्धा म्हणतील."

"अहो, मग चार दिवस थांबायचं होतं. मी कुठे घाई केली? ठेवली असती तुमच्यासाठी."

"म्हणूनच आज आलो," म्हटलं.

त्यांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. मान हलवली आणि शिपायाला बोलावलं. खाली कार्यालयात बाईंनी आवक शिक्का मारला, तारीख घातली, एक प्रत परत दिली. विचारलं, जागा मग वेटिंगवाल्याला कळवू ना? म्हटलं, कळवा.

बाहेर आलो. मोबाईल पाहिला. वैशालीचा फोन नाही.